स्टॅटिस्टिक्सची समर इंटर्नशिप शोधताय? आधी कॅलेंडर बघा, मग लिंक उघडा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माढ्याहून मामेभावाचा फॉरवर्ड आला. "डेटा सायन्स समर इंटर्नशिप, वर्क फ्रॉम होम, सर्टिफिकेट गॅरंटी, रजिस्ट्रेशन फक्त १,४९९ रुपये." खाली त्याचा प्रश्न, "दादा, भरू का? उद्या लास्ट डेट आहे."

तो सोलापूरला बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी "भरू नको" एवढंच लिहिलं, तर लगेच फोन. "मग काय करू? कॉलेजात सगळे भरतायत." मुद्दा त्याचा बरोबर होता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. ४ क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास. पदवीला ते पुढच्या सेमिस्टरला येतं, एम.एस्सी.ला पहिल्याच वर्षी. पुण्या-मुंबईच्या मुलांना ओळखीतून कंपनी मिळते. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णीच्या मुलाकडे असतो मोबाईल आणि टेलिग्रामवरचा एखादा ग्रुप. ही गरज ओळखूनच सर्टिफिकेट विकणाऱ्यांनी दुकानं थाटलीत.

ओळखायचं कसं? इंटर्नशिपमध्ये काम तुम्ही करता, त्यामुळे पैसे एक तर तुम्हाला मिळतात, नाहीतर कुणालाच मिळत नाहीत. पैसे तुमच्याकडून जात असतील तर तो कोर्स आहे. कोर्स करायला हरकत नाही, पण त्याला इंटर्नशिप म्हणू नका. दुसरी खूण म्हणजे मुलाखत न घेताच "कॉंग्रॅच्युलेशन्स, यू आर सिलेक्टेड". तिसरी खूण लिंकमध्ये असते. सरकारी योजनेचं नाव आहे, पण पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नाही किंवा त्या संस्थेचं स्वतःचं डोमेन नाही, तर तिथे आधार नंबर टाकू नका. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवायची शक्यता कमी.

आता कॅलेंडर. समर इंटर्नशिप उन्हाळ्यात होते, पण तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मे महिन्यात कळलं, तेव्हा सगळ्या खिडक्या बंद झालेल्या.

रिझर्व्ह बँकेचंच बघा. त्यांच्या समर इंटर्नशिपचे ऑनलाइन अर्ज ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि डिसेंबरमध्ये बंद. मग मुलाखती, आणि प्रत्यक्ष काम एप्रिलनंतर. देशभरातून जास्तीत जास्त १२५ जण घेतात, स्टायपेंड महिना २०,००० रुपये. पात्र विषयांत स्टॅटिस्टिक्सचं नाव स्पष्ट आहे. मात्र ती पदव्युत्तर किंवा पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड कोर्सच्या मुलांसाठी आहे, तेही शेवटच्या वर्षाच्या आधीच्या वर्षाला असताना. म्हणजे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दिवाळीत अर्ज करायचा. कोर्स सुरू होऊन जेमतेम तीन-चार महिने झालेले असतात, म्हणूनच बहुतेकांची ही संधी हुकते.

बी.एस्सी.वाल्यांसाठी तीन विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप बघण्यासारखी आहे. दोन महिने एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम, आपला विषय गणिताच्या गटात येतो. तिचेही अर्ज हिवाळ्याच्या तोंडालाच. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालयही इंटर्न घेतं, त्यांची जाहिरात त्यांच्याच वेबसाइटवर बघायची. आणि एक गोंधळ इथेच मिटवतो. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली ती २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिकत नसलेल्या मुलांसाठी, १२ महिन्यांची. तिच्या नावाने "समर बॅच" चा मेसेज आला तर सरळ डिलीट करा.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "दादा, पण आता एप्रिल आहे." खरंय. मग मी त्याला विचारलं, तुमच्या तालुक्यात रोज आकडे कुठे तयार होतात?

पहिलं उत्तर साखर कारखाना. गाळप हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत संपतो, म्हणजे तुमची सुट्टी लागते तेव्हाच शेतकी विभागाला थोडी उसंत मिळते आणि अख्ख्या हंगामाचा डेटा पडून असतो. कोणत्या गटातून किती टन ऊस आला, जात कोणती (को ८६०३२ की २६५), तोड कधी झाली, उतारा किती. या उताऱ्यावर शेतकऱ्याचा पैसा ठरतो. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये एफआरपी होती आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जास्त. तोडीची तारीख आणि उतारा यांचा संबंध काय, हा प्रश्न घेऊन रिग्रेशन लावलं तर १२० तास पुरणार नाहीत. फक्त शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर, गट नंबर आधीच काढून टाकायला सांगा. तो डेटा तुमच्या लॅपटॉपवर असण्याचं काही कारण नाही.

दुसरं उत्तर बाजार समिती. इथे थोडं थांबतो, कारण माझ्या भावाने इथेच पहिली चूक केली आणि ती फार कामाची चूक आहे. पणन मंडळाच्या वेबसाइटवर रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात, फुकट. त्याने सोलापूरचा कांदा घेतला, महिनाभराचे सर्वसाधारण दर शीटमध्ये टाकले आणि सरासरी काढली. मी म्हटलं, आवकेचा कॉलम कुठे गेला?

समजा सोमवारी ५०० क्विंटल कांदा २,००० रुपयांनी गेला आणि मंगळवारी १०० क्विंटल ३,००० ने. साधी सरासरी २,५००. पण शेतकऱ्यांच्या हातात एकूण आले १३ लाख, माल ६०० क्विंटल, म्हणजे क्विंटलला जवळपास २,१६७ रुपये. भारित सरासरी पुस्तकात दुसऱ्या सेमिस्टरलाच असते, पण ३३३ रुपयांचा फरक बघितल्यावर तिचा अर्थ डोक्यात बसतो. शिवाय 'कांद्याला सरासरी अडीच हजार भाव' असं कुणी म्हणालं की हा हिशोब कसा केलाय हे विचारायची सवय लागते. मुलाखतीत हेच विचारतात. आमच्या टीममध्ये इंटर्न घेताना मी सर्टिफिकेट क्वचितच उघडतो. "तुझ्या डेटात काय चुकीचं होतं?" एवढंच विचारतो. खऱ्या डेटावर काम केलेला मुलगा त्यावर दहा मिनिटं बोलतो.

उजनी धरणाचा साठाही घेता येईल. तिथली गंमत अशी की शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी धरून टक्केवारी काढतात, आणि त्याखाली जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा असतोच. म्हणून उन्हाळ्यात आकडा मायनसमध्ये जातो. टक्केवारी दिसली की ती कशाची, हे आधी बघायचं.

अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्यांचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं, त्यात तालुकावार तक्ते असतात. पार्श्वभूमीसाठी ते डाउनलोड करून ठेवा. लॅपटॉप नसेल तर गूगल शीट्स आणि कोलॅब मोबाईलच्या ब्राउझरवर चालतं. शिकण्यापुरतं ठीक. दहा हजार ओळी अंगठ्याने स्क्रोल करायला लागलात की वैतागाल, तेव्हा कॉलेजची लॅब गाठा.

अर्ज कसा करायचा? "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" वगैरे नको. मराठीत चार ओळी पुरतात. मी अमुक कॉलेजात संख्याशास्त्र शिकतो. मला मे-जूनमध्ये १२० तास काम करायचं आहे, मानधनाची अट नाही. तुमच्या हंगामाच्या नोंदी तपासून तोडीची तारीख आणि उतारा यावर १० पानांचा अहवाल देईन. नावं व नंबर वगळलेला डेटा चालेल. सोबत कांद्याच्या भावाची शीट जोडली आहे.

भावाने असे तीन अर्ज दिले. दोघांनी काहीच कळवलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी सांगितलं, "कॉलेजचं पत्र घेऊन ये, मग बसू." हे पत्र विभागप्रमुखांच्या सहीचं लागतं, आणि मे महिन्याची सुट्टी लागली की सही करणारं कुणी भेटत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीने सोलापूरला गेला.