मामा तलाव कुणाचा?

मुलांनो, गोंदिया जिल्ह्यात कधी आलात, तर कुणीतरी तुम्हाला 'मामा तलाव' दाखवील. कुणाचा बरं हा मामा? आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "माझ्या मामाचा!" (त्याच्या मामाचं घर पाळीजवळच आहे, त्याचं तरी काय चुकलं?) पण खरं नाव 'माजी मालगुजारी तलाव'. त्यातला एक मा आणि दुसरा मा घेतला, झाला मामा!

फार पूर्वी, गोंड राजांच्या अमलात, कोहळी मंडळींनी धानाला पाणी मिळावं म्हणून हे तलाव बांधले. नवेगावबांधचा अफाट तलाव त्यांतलाच. पुढे मालगुजार त्यांचे मालक झाले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले.

आता आमची फजिती ऐका. शाळेजवळच्या तलावात बेशरम माजली होती. जांभळट फुलांची ही वनस्पती तुम्ही पाहिली असेल. मूळची दक्षिण अमेरिकेतली. गुरं हिला तोंड लावत नाहीत आणि तोडलेला दांडा चिखलात पडला की तिथंच मुळं धरतो. नाव उगीच नाही पडलं! हिच्यामुळे काठ कोंडतो आणि पाण्यातल्या मऊ वनस्पती मरतात. त्याच वनस्पतींत मासे अंडी घालतात, पाखरं चरतात. म्हणून एका शनिवारी चौथीचा वर्ग घेऊन मी तलावावर गेलो. घरोघरचे विळे, आणि पाळीवर लावायला अर्जुनाची वीस रोपं.

अर्ध्या तासात एक ढिवर काका आले. "गुरुजी, कोनाले इचारलं जी?"

मी म्हटलं, "चांगल्या कामाला काय विचारायचं?"

काका पाळीवर बसले आणि शांतपणे समजावू लागले. पाळ मातीची. झाडाची मुळं तिच्यात शिरणार, झाड वठलं की मुळं कुजणार, तिथून पाणी झिरपणार. पाळ फुटली तर खालचं सगळं धान गेलं! आणि तोडलेली बेशरम आम्ही कुठं टाकत होतो? पाण्यातच. मी गप्प झालो.

मग तलाव कुणाचा? बघा हं. शंभर हेक्टरपर्यंत ओलित करणारा असेल, तर जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाचा. त्याहून मोठा, तर राज्य सरकारचा. मासळीचा ठेका मच्छीमार संस्थेचा. पाणी शेतकऱ्यांच्या धानाचं. तलाव जंगलात असला, तर वनखातं आलंच. तिथं २००६ च्या वनहक्क कायद्याने गावालाही सामूहिक हक्क मागता येतो. तो दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो.

आम्ही १ मेच्या ग्रामसभेत उभे राहिलो. ठराव झाला. मच्छीमार संस्था तयार झाली. मग एका कचेरीने नकाशा मागितला. नकाशा दिला, तर काम कोणत्या महिन्यात करणार ते लिहून मागितलं. ते दिलं, तोवर मृगाचा पाऊस आला! तलाव भरला, काम राहिलं. एका मुलाने विचारलं, "गुरुजी, बेशरमला परवानगी कुणी दिली?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

पण महिन्याचा प्रश्न काही वेडा नव्हता, बरं का! आपल्या राज्यात सारस क्रौंच उरले आहेत ते मुख्यतः गोंदियात, तेही अगदी थोडे. माणसाएवढा उंच हा पक्षी पावसाळ्यात उथळ पाण्यात नाहीतर धानाच्या बांधीत घरटं करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. त्या वेळी तिथं आपण विळे घेऊन शिरलो तर? २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडेही हे काम आहे.

म्हणजे काम उन्हाळ्यातच करायचं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवरांच्या संस्थांनी तसंच केलं. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' त्यांच्या जोडीला होतं. बेशरम मुळासकट उपटली, तलावाच्या कोरड्या पडलेल्या भागात नांगर फिरवला आणि मग देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे त्या म्हाताऱ्या मच्छीमारांना तोंडपाठ! मासळी वाढली, पाखरंही परतली.

यंदा आम्ही १ मेची वाट पाहिली नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच अर्ज ठेवला. काठ पावलांनी मोजून नकाशा मुलांनी काढला. काम मे महिन्यात, असं आधीच लिहून टाकलं. अर्जुनाची रोपं शाळेच्या कुंपणाशी लावली, त्यांतली सोळा जगली आहेत.

संस्थेचं संमतिपत्र काकांनी स्वतः शाळेत आणून दिलं. हातातून सोडण्याआधी त्यांनी विचारलं, "बेशरम उपटून ठेवाल कोठं, गुरुजी?"

मी तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "पाळीच्या पलीकडे! उन्हात! पार वाळेपर्यंत!"