राष्ट्राचे गुपित आणि सरकारचे गुपित

राज्य म्हटले की सैन्य आले, आणि सैन्य म्हटले की त्याची गुपितेही आलीच. सीमेवरील कोणत्या ठाण्यात किती शिबंदी आहे, आरमारातील कोणती नौका केव्हा बंदर सोडणार आहे, सांकेतिक संदेश कोणत्या किल्लीने उलगडतात, ही माहिती शत्रूच्या हाती पडली तर तिची किंमत सैनिकांना प्राणांनी मोजावी लागते. म्हणून ती फोडणाऱ्यास कठोर शासन करण्याचा अधिकार राज्याला असलाच पाहिजे, याविषयी कोणाही विचारी मनुष्याचे दुमत होणार नाही. परंतु राष्ट्राच्या जीविताशी निगडित असलेले गुपित आणि केवळ सरकारी दफ्तराच्या अब्रूशी निगडित असलेले गुपित, या दोहोंत आपला कायदा पुरेसा भेद करतो काय, हा प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षे आपल्यासमोर उभा आहे.

या विषयावरील पहिला कायदा हिंदुस्थानात 1889 साली झाला. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, 1904 मध्ये, तो अधिक कडक करण्यात आला, आणि त्या वेळी लष्करी व आरमारी बाबींच्या पंक्तीला मुलकी कारभाराच्या बाबीही आणून बसविण्याचा सरकारचा मनोदय दिसून येताच नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यास विरोध केला; मुलकी कारभारावर टीका करणाऱ्या वृत्तपत्रांचा आवाज अशा कायद्याने बंद होईल, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने जर्मनीविषयीच्या भीतीच्या वातावरणात 1911 साली घाईघाईने जो कायदा केला, त्याच्याच धर्तीवर 1923 चा ‘ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट’, म्हणजे शासकीय गुपिते अधिनियम, येथे जारी झाला. स्वातंत्र्य आले, संविधान आले, तरी तो राहिला. 1967 मध्ये त्यातील शिक्षा वाढविण्यात आल्या, आणि 2024 मध्ये जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अंमलात आली, तेव्हाही तो आपल्या जागी कायम होता.

या कायद्याचे मर्म दोन कलमांत आहे. तिसरे कलम हेरगिरीचे. राज्याच्या सुरक्षिततेस किंवा हितास बाधा आणण्याच्या हेतूने जो कोणी ‘निषिद्ध स्थाना’जवळ जाईल, शत्रूस उपयोगी पडेल असा नकाशा वा टिपण करील, अथवा गुप्त संकेत मिळवून दुसऱ्यास देईल, तो या कलमाखाली अपराधी ठरतो; संरक्षणाची बांधकामे, शस्त्रागारे, सैन्याची ठाणी किंवा गुप्त संकेत यांच्याशी अपराधाचा संबंध असेल तर चौदा वर्षांपर्यंत, एरवी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आरोपीचा दुष्ट हेतू विशिष्ट कृतीने सिद्ध झालाच पाहिजे असेही नाही. परिस्थिती, वर्तन आणि त्याचा ज्ञात स्वभाव यांवरूनही तो गृहीत धरता येतो.

पाचव्या कलमाचा पसारा याहून मोठा आहे. हुद्द्यामुळे किंवा विश्वासाने हाती आलेला गुप्त दस्तऐवज अनधिकृत व्यक्तीस देणे हा तर अपराध आहेच. पण अधिकार संपल्यावर तो आपल्याजवळ ठेवणे, त्याची वाजवी काळजी न घेणे, इतकेच नव्हे तर कायद्याचा भंग करून दिला जात आहे हे जाणून तो स्वीकारणे, हेही तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. आणि ज्या शब्दावर हे सारे अवलंबून, त्या ‘गुप्त’ या शब्दाची व्याख्या अधिनियमात कोठेच नाही. कोणत्या कागदावर ‘परमगुप्त’, ‘गुप्त’ वा ‘गोपनीय’ असा शिक्का मारावयाचा, हे खात्यांच्या अंतर्गत सूचनांनुसार अधिकारीच ठरवितात; खटला भरावयाचा की नाही, हेही सरकारच ठरविते, कारण सरकारच्या हुकमाने फिर्याद दाखल झाल्यावाचून न्यायालयास अशा अपराधाची दखल घेता येत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे दोन प्रकरणांवरून दिसेल. जून 2002 मध्ये दिल्लीतील पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना अटक झाली. जम्मू-काश्मीरमधील भारतीय सैन्याविषयीचा एक लेख त्यांच्या संगणकात सापडला होता. तो पाकिस्तानातील एका अभ्यास संस्थेने उघडपणे प्रसिद्ध केलेला होता. ती माहिती शत्रूस उपयोगी आहे, असा अभिप्राय लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाने प्रथम दिला आणि काही महिन्यांनी फिरविला. जानेवारी 2003 मध्ये सरकारने खटला मागे घेतला, पण तोवर सुमारे सात महिने गिलानी तिहार तुरुंगात होते. दुसरे प्रकरण आपल्या वर्ध्याचे. शेजाऱ्याशी झालेल्या तंट्यात पोलीस ठाण्यात गेलेल्या एका गृहस्थाने तेथील बोलण्याचे मोबाइलवर चित्रीकरण केले, म्हणून त्याच्यावर याच अधिनियमाखाली गुन्हा नोंदविण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये पोलीस ठाणे हे ‘निषिद्ध स्थान’ नव्हे असा निर्वाळा देऊन तो गुन्हा रद्द केला.

म्हणून हा कायदाच निरर्थक आहे, असे म्हणणे मात्र अविचाराचे होईल. इस्लामाबादच्या भारतीय वकिलातीतील एका अधिकारी महिलेस दिल्लीच्या न्यायालयाने 2018 मध्ये याच कायद्याखाली दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेच्या एका शास्त्रज्ञास महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने 2023 मध्ये अटक केली, तीही याच कायद्यान्वये. हेर आजही आहेत. पूर्वी दाराशी यावे लागे, आता ते दूरध्वनीच्या पडद्यावरून संधान बांधतात, एवढेच.

सुदैवाने समतोल साधण्याचा मार्ग आपल्याच कायद्याने दाखविला आहे. 2005 च्या माहिती अधिकार अधिनियमाचे बाविसावे कलम या जुन्या कायद्यावर वरचढ ठरते. सुरक्षेस बाधक माहिती रोखून धरण्याची मुभा त्यात आहे, परंतु संभाव्य हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर अशीही माहिती देता येते, असे त्याचे आठवे कलम सांगते. राफेल विमानांच्या प्रकरणात वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेले कागद विचारात घेऊ नयेत, हा सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये फेटाळला, तेव्हा न्यायमूर्तींनी याही तरतुदीचा आधार घेतला. ज्यांच्याकडून आपण हा कायदा उचलला त्या ब्रिटनने आपले तसलेच सर्वव्यापी कलम 1989 मध्ये रद्द केले, आणि 1911 चा तो कायदा 2023 मध्ये बदलून टाकला. आपल्याकडेही दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2006 मध्ये हा अधिनियम रद्द करून राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालावे, अशी शिफारस केली होती.

त्या शिफारशीचा आता निकाल लावला पाहिजे. शिक्का पाहून नव्हे, तर राष्ट्राच्या सुरक्षेस झालेली किंवा होऊ शकणारी हानी सिद्ध झाल्यावरच शिक्षा व्हावी. लोकहितासाठी गैरव्यवहार उघड करणाऱ्या नोकरास वा पत्रकारास तसा बचाव करण्याचा हक्क असावा. आणि प्रत्येक शिक्क्याला मुदत असावी. हेरास कठोर शासन आणि सत्य सांगणाऱ्यास अभय, या दोन गोष्टी एकाच कायद्यात सुखाने नांदू शकतात. तसा कायदा करावा, ही मागणी प्रत्येक मतदाराने आपल्या खासदाराकडे आग्रहाने केली पाहिजे.