गाय माजावर, मालक गादीवर

दर २१ दिवसांनी, दोन-तीन दिवस इकडे-तिकडे, गाय माजावर येते. आणि राहते किती वेळ? होल्स्टिन-जर्सी रक्ताची संकरित असेल तर साधारण १२ ते १८ तास. खिल्लार, देवणी, डांगी अशा वशिंडवाल्या गाईंचा कारभार बऱ्याचदा १०-१२ तासांतच आटोपतो. त्यातून आपला उन्हाळा! दिवसभर धापा टाकणारं जनावर असले उद्योग सूर्य मावळल्यावरच काढतं. रात्री अकराला सुरू झालेला माज सकाळच्या धारेपर्यंत अर्धाअधिक सरलेला असतो, आणि मालक म्हणतो, ‘आमची गाय माजच दाखवत नाही.’ दाखवते हो. बघायला कोणी नसतं.

म्हणून पहिली युक्ती बिनपैशाची. पहाटे धारेआधी आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटं गोठ्यात नुसतं उभं राहायचं, मोबाइल घरात ठेवून. वैरण टाकता टाकता केलेली पाहणी धरायची नाही. गव्हाण भरली की माजावरची गायसुद्धा खाली मान घालते.

उडणारी की उडू देणारी?

एक गाय दुसरीवर उडली की सगळ्यांचं बोट वरच्या गाईकडे जातं. पक्क्या माजावर असते ती खालची, जी अंगावर भार घेऊन जागची हलत नाही. हा सोहळा फार तर पाच-सात सेकंदांचा. वरची माजावर असेल, येऊ घातली असेल किंवा नुसतीच उत्साही असेल. तो प्रसंग हुकला तर पुरावे शोधा: शेपटीच्या मुळाशी विस्कटलेले किंवा घासून गेलेले केस, कुशीवर दुसरीच्या खुरांचा चिखल. न्यूझीलंडचे गोपालक तर शेपटीच्या मुळावर रंगाचा पट्टाच ओढून ठेवतात. रंग पुसला गेला की समजायचं, रात्री काहीतरी घडलं.

दावणीला बांधलेली काय करणार?

उडण्याची ही सगळी गंमत मोकळ्या जनावराची. मुक्त संचार गोठ्यात ती दिसते, तीही खाली माती असेल तर. गुळगुळीत कोब्यावर पाय घसरायची भीती असते, मग गाई उड्या मारायचं टाळतात. दावणीच्या गाईचं वाचन वेगळं. ती विनाकारण हंबरते, कान टवकारते, शेजारणीला हुंगते, चारा अर्धा टाकते, थोडं थोडं मुतत राहते, आणि संध्याकाळच्या दुधात अर्धा-एक लिटरचा खड्डा पडतो. निरण सुजून लालसर दिसतं. सगळ्यांत बोलका तो सोट, काहींकडचा बळस: स्वच्छ, चिकट, पक्क्या पाकासारखी तार धरणारा. शेपटीला, मांडीला चिकटून वाळलेला असतो, म्हणून शेपूट उचलून बघायची लाज धरू नये. सोट गढूळ किंवा पुवासारखा असेल तर मात्र गाय भरवायची घाई नको, आधी डॉक्टर.

हाच सोट काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर नेच्याच्या पानांची नक्षी दिसते. माज ओसरला की नक्षीही विरते. निसर्गाला रांगोळीची हौस आहे म्हणायची.

तीस लिटरवाली लाजते

दूध जितकं जास्त तितका माज आखूड आणि मवाळ. भरपूर दूध म्हणजे भरपूर खाणं, भरपूर खाणं म्हणजे यकृतातून जोरात वाहणारं रक्त, आणि ते यकृत माजाचं संप्रेरक भराभर मोडून टाकतं. म्हणजे ज्या गाईवर सर्वांत बारीक लक्ष हवं, नेमकी तीच कमी बोलते.

कळपातलं मानपान

वशिंडवाल्या गाईंच्या कळपात थोरली-धाकटी हे नातं कडक असतं. दुबळ्या गाईला दांडगीसमोर उडायचा धीर होत नाही, त्यामुळे तिचा माज नजरेतून निसटतो. एका वेळी तीन-चार गाई माजावर आल्या की मात्र त्यांची टोळी जमते, कळपापासून बाजूला एकमेकींभोवती घिरट्या घालते आणि अगदी गरीब गाईचंही गुपित फुटतं. एकट्यादुकट्या गाईच्या गोठ्यात ही सोय नाही.

म्हशीची तऱ्हा

गाय परवडली म्हणायची वेळ म्हैस आणते. एकमेकींवर उडणं म्हशींत क्वचितच. त्यांचा माज ‘मुका’. उन्हाळ्यात तर तो जवळजवळ बेपत्ताच. दिवस लहान होऊ लागले, हवा गार झाली की पंढरपुरी असो वा मुऱ्हा, म्हशी नियमाने माजावर येऊ लागतात. रेकणं, वरचेवर मुतणं, दूध चोरणं ही तिची खूण. सोट उभ्याने लोंबेलच असं नाही, म्हैस बसली की खाली सांडलेला दिसतो. खात्रीचा पारखी म्हणजे नसबंदी केलेला रेडा. सकाळ-संध्याकाळ तो म्हशींमधून फिरवायचा. हुंगून वरचा ओठ उलटा करून मान उंचावली की त्याचा अहवाल तयार!

रेड्याची जागा कुत्र्यानेही घेतलेली आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कुत्र्यांना गाईच्या माजाचा वास ओळखायला शिकवल्याचं प्रसिद्ध केलं होतं. हल्ली हे काम गाईच्या पायातला पावलं मोजणारा पट्टा करतो, कारण माजाच्या दिवशी मोकळी गाय नेहमीच्या दुप्पट ते चौपट चालते.

फोन कधी करायचा?

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्कात ट्रिम्बर्गर यांच्या निरीक्षणांतून आला आणि आज आपल्या प्रत्येक दूध संस्थेच्या भिंतीवर शोभेल असा आहे. कारण सरळ आहे. बीजांड सुटतं ते माज संपल्यावर १०-१२ तासांनी, आणि शुक्रजंतूंना आत गेल्यावर तयार व्हायला काही तास लागतात. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं धीर धरलेली वीर्याची पाव मिलिलिटरची कांडी चुकीच्या वेळी आत गेली, तर उपयोग शून्य. मग पुढचे २१ दिवस. त्या दिवसांची पेंड आणि वैरण कोणाच्या खिशातून जाते, हे सांगायला नको.

भारतात कृत्रिम रेतनाची सुरुवात १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत झाली. महाराष्ट्रात मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला उभारलेल्या ‘बाएफ’ने ते दारापर्यंत नेलं. कांडी दारात आली, पण ती कधी वापरायची हे सांगणारी नजर घरचीच लागते.

रक्त दिसलं? दचकू नका

माजानंतर एक-दोन दिवसांनी शेपटीला रक्ताचे थेंब लागतात. कोणी म्हणतं गाय राहिली, कोणी म्हणतं उलटणार. दोन्ही खोटं. रक्त एवढंच सांगतं की माज होऊन गेला. तारीख लिहा आणि अठराव्या दिवसापासून डोळे उघडे ठेवा.

कधीच न येणारी

जुळ्यांत कालवडीबरोबर गोऱ्हा जन्मला असेल तर दहांपैकी नऊहून अधिक वेळा ती कालवड वांझ निघते. गर्भाशयात दोघांचं रक्त एकत्र होतं आणि भावाची संप्रेरकं बहिणीच्या अवयवांची वाढ बिघडवतात. तिच्या माजाची वर्षभर वाट पाहण्याऐवजी लहानपणीच डॉक्टरांकडून तपासून घेणं स्वस्त.

गाभण, तरी माजावर!

याच्या नेमकं उलटही घडतं. काही गाई पोटात वासरू असताना माज दाखवतात, उडू देतात, सगळं यथासांग. अशा गाईला पुन्हा भरवताना नळी गर्भाशयात गेली तर गर्भ पडू शकतो. म्हणून कांडी बाहेर काढण्याआधी वही उघडा, आणि वहीत ‘मागच्या महिन्यात भरवली’ असं असेल तर आधी हात घालून तपासायला सांगा.