गाळ बसला, तरच पाणी निवळते

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गेले की नजर जाते ती हवा फुंकून खळबळणाऱ्या हौदांकडे. शेजारची गोल निवळण टाकी जवळजवळ निश्चल दिसते. केंद्राचे यशापयश मात्र तिथेच ठरते.

अशा टाक्या दोन टप्प्यांवर असतात. पहिलीत पाणी साधारण दोन तास रेंगाळते. निम्म्याहून अधिक तरंगते कण तळाशी बसतात, तेलकट तवंग वरून काढला जातो. टाकी खोल खणली तर गाळ जास्त बसेल, असे कुणालाही वाटेल. ॲलन हेझन या अमेरिकी अभियंत्याने १९०४ मध्ये दाखवून दिले की खरे महत्त्व पसाऱ्याला आहे. टाकीत पाणी तासाला दीड मीटर वेगाने वर चढत असेल, तर त्याहून हळू बुडणारा कण काठावरून निसटणारच, मग खोली कितीही असो.

हवेच्या हौदांत पाणी शुद्ध करणारे जिवाणू पुढे दुसऱ्या टाकीत बसवायचे असतात, पण ते इतके बारीक की सुटे असताना बसतच नाहीत म्हटले तरी चालेल. कणाचा व्यास दहापट झाला की बुडण्याचा वेग शंभरपट होतो. त्यामुळे जिवाणूंनी एकमेकांना चिकटून पुंजके करणे, यावर दुसरी टाकी सर्वस्वी अवलंबून असते.

या पुंजक्यांचे मोल मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी ओळखले. सांडपाण्यात नुसती हवा सोडून ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागत होते. त्यांनी वरचे निवळ पाणी काढून टाकले, तळचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. आजही दुसऱ्या टाकीत बसलेला बराचसा गाळ पंपाने हवेच्या हौदात परत जातो. शुद्धीकरण करणारे जिवाणू त्यातच असतात.

हा गाळ मोठा नाजूक. तंतूंसारखे वाढणारे जिवाणू थोडे असले तर पुंजक्यांना आधार देतात, माजले की गाळ पिंजलेल्या कापसासारखा फुगतो आणि बसेनासा होतो. याउलट टाकीत फार वेळ पडून राहिला, तर आतल्या नायट्रेटपासून नायट्रोजन वायूचे बुडबुडे होतात आणि बसलेला गाळ वर येतो. म्हणून केंद्रातला कर्मचारी हवेच्या हौदातले पाणी एक लिटरच्या मापी नळीत भरून ठेवतो आणि अर्ध्या तासाने गाळ कितीवर आला ते बघतो. इतक्या साध्या चाचणीवरून गाळ परत किती पाठवायचा, बाहेर किती काढायचा याचा अंदाज येतो. ती टाळली आणि गाळ काठावरून वाहून गेला, तर नदीत घाण जाते आणि पुढचे पाणी शुद्ध करणारे जिवाणूही हातचे जातात.