रुग्णाचा पत्ता आणि रोगाचे कारण

रुग्णपत्रकावरील पत्त्याची ओळ बहुधा घाईने भरली जाते. पर्यावरणजन्य रोगांच्या संशोधनात मात्र पत्ता हे एक मोजमापच असते. ते चुकले की निष्कर्षही चुकतो.

इ. स. १८५४ मधील लंडनच्या कॉलऱ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. शहराच्या दक्षिण भागात दोन कंपन्या पाणी पुरवीत. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये थेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ प्रवाहातून पाणी घेण्यास आरंभ केला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीचे पाणी मैलामिश्रित राहिले. दोन्ही कंपन्यांचे नळ अनेक ठिकाणी एकाच रस्त्याने जात. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरी पाणी कोणाचे येते, याची घरोघर चौकशी केली. दर १०,००० घरांमागे साउथवर्क कंपनीच्या घरांत ३१५, तर लॅम्बेथच्या घरांत ३७ मृत्यू आढळले. केवळ रस्त्याचे नाव नोंदले असते, तर हा भेद दिसलाच नसता.

आज संगणक पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढतो. पत्ता अपुरा असल्यास पिनकोड क्षेत्राचा मध्यबिंदू हेच घर मानले जाते. हमरस्त्यावरील वाहनांचा धूर काही शे मीटरांतच बराच विरळ होतो. तेवढ्याच अंतराची चूक झाली, तर धुरात राहणारा रुग्ण धुराबाहेरचा गणला जातो. रुग्ण आणि निरोगी या दोन्ही गटांत अशा चुका सारख्याच असल्या, तरी खरा संबंध सामान्यतः क्षीण दिसतो आणि असलेला धोका नाही असे वाटते. वाडी-वस्तीवरील संदिग्ध पत्ते वगळल्यास ग्रामीण रुग्ण अभ्यासातूनच निसटतात.

स्थानाइतकाच काळही महत्त्वाचा आहे. कर्करोगासारखा व्याधी संपर्कानंतर अनेक वर्षांनी प्रकट होतो. म्हणून आजचा अचूक पत्ताही पुरेसा नसतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात रुग्ण कोणत्या भूमिदेशात जन्मला, वाढला आणि व्याधिग्रस्त झाला, हे जाणून घेण्यास सांगितले आहे. ही तीन स्थाने वेगवेगळी असू शकतात, हे त्यात गृहीतच आहे.

तेव्हा वैद्यांनी घर क्रमांक, वाडी किंवा गल्ली, जवळची खूण आणि पिनकोड यांसह वास्तव्याची वर्षे, पूर्वीचे गाव, कामाचे ठिकाण व पाण्याचा स्रोत यांचीही नोंद ठेवावी. अचूक पत्त्यावरून रुग्णाची ओळख पटते. म्हणून अशी नोंद त्याच्या संमतीवाचून इतरांस देऊ नये.