पेटीतला सूर आणि मिरजेची जवारी

जावळी तालुक्यातील मेढा येथे गाणे शिकणाऱ्या मुलास आज सूर हवा असेल, तर त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. मोबाईलमध्ये तानपुऱ्याचे ॲप घालून घ्यावे, नाहीतर सातारा, कराड करीत मिरज गाठावी आणि एखाद्या सतारमेकराच्या दुकानी बसून वाद्य पसंत करावे. पहिली वाट पाच मिनिटांची, दुसरी एका दिवसाची. गिऱ्हाईक कोणत्या वाटेने जाते हे मिरजेच्या कारागीर बांधवांस कोणी सांगावयास नको. यावर त्यांनी करावे काय, हा प्रश्न आहे. त्याचे थोडेफार उत्तर आम्हांस चक्क गिटारवाल्यांच्या धंद्यात सापडले.

इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज अगदी बारीक. तो भरदार होतो ॲम्प्लिफायरमधून, आणि जुन्या धर्तीच्या ॲम्प्लिफायरमध्ये जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्हवर ताण आला की आवाज किंचित फाटतो, आणि नेमका तो फाटलेला आवाजच वादकांस हवा असतो. १९९८ साली अमेरिकेच्या लाइन सिक्स कंपनीने ‘पॉड’ नावाचे छोटे यंत्र आणले. त्यातली चिप निरनिराळ्या ॲम्प्लिफायरच्या आवाजाची नक्कल करीत असे. पुढे २०११ च्या सुमारास जर्मनीच्या केम्परने असे यंत्र काढले की कोणताही ॲम्प्लिफायर त्यास जोडावा आणि त्याच्या आवाजाचा ठसा उतरवून घ्यावा. तेव्हापासून गिटारवाल्यांत दोन तट आहेत. व्हॉल्व्हवाले म्हणतात, बोटाखाली जे जाणवते ते चिपमध्ये येत नाही. चिपवाले म्हणतात, वीस-पंचवीस किलोचे खोके कोण उचलणार? व्हॉल्व्ह बनविणारे मोठे कारखानेही आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन एवढ्याच ठिकाणी उरले आहेत. २०२२ मध्ये रशियाची निर्यात अडताच साऱ्या बाजाराची धावपळ उडाली. तरीही व्हॉल्व्हचा माल बंद पडला नाही, हे आमच्या बांधवांनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे हेच प्रकरण त्याआधीच घडले. बंगळूरचे जी. राज नारायण, व्यवसायाने अभियंता आणि छंदाने बासरीवादक, यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यांच्या राडेल कंपनीच्या पेट्या पुढे घरोघरी पोहोचल्या. आरंभीच्या पेट्यांत सूर विजेच्या मंडलातून निघत असे. नंतर खऱ्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण चिपवर घालू लागले, आणि ॲपमध्येही पुष्कळदा तेच असते. म्हणजे पेटीत जो वाजतो, तो कोणातरी कारागिराने भोपळा वाळवून, तुणीच्या लाकडाची दांडी जोडून, घोडी घासून केलेला तानपुराच. फक्त त्याचे नाव पेटीवर नसते आणि पेटी विकली गेली तर त्याला एक पैसाही मिळत नाही.

मिरजेस हा धंदा एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी उभा केला. तलवारींना धार लावणारे हे हात संस्थानातील गाणाऱ्या-बजावणाऱ्यांची वाद्ये दुरुस्त करता करता नवी वाद्ये घडवू लागले आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये निवर्तल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यातच विसावले. खाँसाहेबांचा तानपुरा लावण्याचा हात नामांकित, आणि वाद्य दुरुस्तीही ते स्वतः करीत. गवई आणि कारागीर यांच्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते. आज ते वाढले आहे, आणि आम्हांस वाटते धंद्याचे खरे दुखणे तेथे आहे.

कारण तानपुऱ्याचे सारे मोल जवारीत आहे. घोडीचा माथा सपाट नसतो. त्यास अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारास चाटत हलते आणि मूळ सुराबरोबर वरचे बारीक सूर झळकू लागतात. तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे सरकवला की सारा आवाज उघडतो वा मिटतो. रामन यांना याच गोष्टीने चकित केले होते. तार जेथे छेडली तेथे शास्त्राप्रमाणे जे सूर उमटू नयेत तेही या घोडीमुळे ऐकू येतात, असे त्यांनी १९२१ मध्ये लिहून ठेवले आहे. अलीकडे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी ध्वनिमुद्रण न वापरता तार, घोडी आणि दोरा यांचे गणित मांडून संगणकावर तानपुरा वाजवून दाखविला. तेव्हा ‘यंत्राला हे कधीच जमणार नाही’ या भरवशावर कोणी राहू नये.

पेटीस नावे ठेवण्यातही अर्थ नाही. जावळीच्या पावसाळ्यात खरा तानपुरा सांभाळणे ही शिक्षाच आहे. दांडी दमट हवा पिते, खुंट्या अडतात किंवा घसरतात, पोलादी तारा गंजतात. एस.टी.त भोपळा घेऊन बसणाऱ्याचे हाल तर विचारूच नयेत. रोजच्या रियाझाचे गिऱ्हाईक पेटीने नेले ते नेलेच. ते परत आणण्यासाठी स्वस्त आणि कच्चा माल काढणे म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय. असा तानपुरा घेणारा चार महिन्यांत कंटाळतो आणि मिरजेचे नाव खराब करतो.

पण जवारी झिजते. मैफलीत वाजणाऱ्या तानपुऱ्याची घोडी पुन्हा घासावीच लागते, गायकाच्या पट्टीप्रमाणे तिचा उतारही बदलावा लागतो. हे काम जाणणारे हात थोडे आहेत, आणि आमच्या पाहण्यात ते हात या कामाचे दाम मागताना संकोचतात. नव्या वाद्याच्या विक्रीत ‘जवारी फुकट करून देऊ’ असे म्हणणारा दुकानदार आपल्या धंद्याचा सर्वांत मोलाचा भाग मोफत वाटतो आहे. शिक्षकांच्या घरी, गायनशाळांत, वर्षातून दोनदा ठरल्या दिवशी ठरल्या मोबदल्यात जाऊन वाद्ये लावून देण्याची पद्धत का पडू नये? पोरांस ‘पुण्यात नोकरी धर’ असे सांगण्यापूर्वी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

दुसरी गोष्ट नावाची. गिटारच्या चिपवाल्या यंत्रांत मार्शल ॲम्प्लिफायरची नक्कल असली तरी त्यावर ‘ब्रिट’ असे काहीतरी लिहिलेले दिसते. नाव नोंदलेले असल्यामुळे ते वापरता येत नाही. आवाजाचा ठसा मात्र कोणालाही घेता येतो. आणि असे ठसे स्वतः घेऊन विकणारेही तेथे पुष्कळ झाले आहेत. मिरजेच्या सतार व तानपुऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अर्थ याच रीतीने समजून घ्यावा. ते वाद्यावरील ‘मिरज’ या नावाचे राखण करील, ध्वनिमुद्रित सुराचे नाही. तेव्हा कोणी आपल्या दुकानी ध्वनिमुद्रण करावयास आला तर चहा पाजून मोकळे न होता कागद करावा: कारागिराचे नाव कोठे छापणार, रक्कम किती, वापर कशासाठी.

कराच्या बाबतीत हाताने घडविलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी नाही, पेटीवर आहे. हा फायदा खरा, पण माफीच्या मालामुळे तारा, रंग, हत्यारे यांवर भरलेला कर परत मागता येत नाही. किंमत ठरविताना तो धरावा.

मानांकन संस्थांच्या नावे मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिरास आपोआप हक्क मिळाला असे समजू नये. ज्याला आपल्या वाद्यावर ते चिन्ह लावावयाचे आहे, त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या भौगोलिक संकेत नोंदणी कार्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करावयाचा असतो. या अर्जाचे शुल्क २०२० मध्ये पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणले गेले. दुकान भावाभावांत वाटलेले असेल तर प्रत्येकाने आपापला अर्ज भरावा.