आईला जेवण आठवत नाही, मग गाणी कशी आठवतात?

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. "दुपारी काय जेवली ते सांगता येत नाही, पण गीतरामायण लावलं की शब्द न् शब्द म्हणते. ती मुद्दाम तर करत नाही ना?" नाही, मुद्दाम काहीच नसतं.

नवी आठवण साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. अल्झायमरमध्ये तो लवकर बाधित होतो, त्यामुळे दुपारचं जेवण साठवलंच जात नाही. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं मात्र मेंदूत एकाच ठिकाणी नसतं. शब्द, चाल, ताल, त्या वेळची भावना हे सगळं वेगवेगळ्या भागांत पसरलेलं असतं. त्यातले काही भाग आजारात बराच काळ टिकून राहतात.

वयाचाही संबंध आहे. साधारण १० ते ३० वर्षांच्या काळातल्या आठवणी सर्वांत ठळक राहतात. गीतरामायणाची ५६ गीतं पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेली माणसं तेव्हा शाळेत होती. गाण्यासोबत त्यांच्या मनात शेजारच्यांचा रेडिओ, रेडिओभोवती जमलेली माणसं, आईचा आवाजही बसला. शिवाय एकच संच क्रमाने पुन्हापुन्हा ऐकला, की एक गाणं संपताच पुढचं आपोआप आठवतं. कॅसेटच्या जमान्यातल्या आपल्यालाही हा अनुभव आहे.

म्हणून सरसकट भजनं लावू नका. म्हातारं माणूस म्हणजे भजन, हा आपला समज. एखाद्याला लावणी हवी असेल, एखाद्याला आर. डी. बर्मन. आजाराच्या सुरुवातीलाच, सांगता येतंय तोवर, विचारून यादी करा. भावंडांना, जुन्या मित्रांनाही विचारा.

टीव्ही बंद करून, श्रवणयंत्र असेल तर ते लावून, वीस-तीस मिनिटं ऐकवा. आंघोळीला विरोध होत असेल किंवा संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल, तर त्याआधी लावून पाहा. "सांग, हे कोणी गायलंय?" अशी परीक्षा घेऊ नका. डोळ्यांत पाणी आलं म्हणून लगेच बंद करायची गरज नाही. पण चेहरा त्रासलेला दिसला, येरझाऱ्या सुरू झाल्या, तर ते गाणं यादीतून काढा. त्याला एखादं दुःख चिकटलेलं असू शकतं.

गाण्याने आजार थांबत नाही, त्यामुळे औषधं स्वतःहून कमी करू नका. आणि कालपर्यंत गुणगुणणारी व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक गोंधळली, सुस्तावली किंवा असंबद्ध बोलू लागली, तर "आजार वाढला" म्हणून घरी थांबू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणं, नवं औषध, पक्षाघात यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि चालू औषधांची सगळी पाकिटं सोबत घ्या.